संकेत कसा रुजतो? : पहिले तीन राष्ट्रपती (१९५०–१९६९)

१. प्रश्नाचे स्वरूप

भारताच्या राज्यघटनेने राष्ट्रपतिपद निर्माण केले. परंतु त्या पदावरील व्यक्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे, असे मूळ घटनेत कोठेही स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते. राष्ट्रपतींना त्यांच्या कार्यात साहाय्य करण्यासाठी व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली एक मंत्रिमंडळ असेल, एवढेच मूळ अनुच्छेद ७४ सांगत होता. सल्ला देणाऱ्याचे कर्तव्य लिहिले गेले. सल्ला घेणाऱ्याचे लिहिले गेले नाही. उलटपक्षी, अनुच्छेद ५३ ने संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी निहित केली होती. अनुच्छेद १११ ने धनविधेयकाखेरीज इतर विधेयके पुनर्विचारासाठी परत पाठविण्याचा अधिकार त्यांना दिला होता. अनुच्छेद ६० मधील शपथ त्यांच्यावर राज्यघटनेच्या रक्षणाची जबाबदारी टाकीत होती, आणि अनुच्छेद ६१ प्रमाणे घटनाभंगाबद्दल त्यांच्यावर महाभियोग चालविता येत होता. केवळ अक्षरांवरून अर्थ लावणाऱ्या वाचकाला हे पद चांगलेच सामर्थ्यवान वाटले असते.

प्रत्यक्षात तसे घडले नाही. डॉ. राजेंद्रप्रसाद (१९५०–१९६२), डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन (१९६२–१९६७) आणि डॉ. झाकिर हुसेन (१९६७–१९६९) या पहिल्या तीन राष्ट्रपतींच्या एकोणीस वर्षांत हे पद घटनात्मक प्रमुखाचे पद म्हणून स्थिर झाले. हे कसे घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. सामान्यतः त्याचे श्रेय ब्रिटिश परंपरेला किंवा पंडित नेहरूंच्या व्यक्तिमत्त्वाला दिले जाते. दोन्ही कारणांत तथ्य आहे, परंतु ती पुरेशी नाहीत. या पदाचा पायाभूत संकेत ज्यांच्या आचरणाने प्रस्थापित झाला, त्या राजेंद्रप्रसादांनाच तो पूर्णपणे मान्य नव्हता, ही गोष्ट त्यांत दुर्लक्षित राहते. संकेत न पटलेल्या माणसाने तो पाळला, याचा घटनाशास्त्रदृष्ट्या काय अर्थ होतो, हाच या लेखाचा मुख्य विषय आहे.

येथे ‘संकेत’ हा शब्द विशिष्ट अर्थाने योजला आहे. ज्या नियमांमागे न्यायालयाची सक्ती नसते, परंतु जे सत्ताधारी बंधनकारक मानून पाळतात, त्यांना घटनात्मक संकेत म्हणतात. संकेत अस्तित्वात आहे की नाही हे ओळखण्यासाठी सर आयव्हर जेनिंग्ज यांनी तीन प्रश्न विचारावयास सांगितले आहेत : पूर्वोदाहरणे कोणती आहेत? ती घडविणाऱ्यांना आपण नियमाने बांधलेले आहोत असे वाटत होते काय? आणि त्या नियमाला काही सबळ कारण आहे काय? या तीन प्रश्नांच्या कसोटीकडे आपण लेखाच्या उत्तरार्धात वळू.

२. घटनासमितीने मोकळी ठेवलेली जागा

राष्ट्रपतींचे स्थान काय असावे, याविषयी घटनासमितीच्या मनात फारसा संदेह नव्हता. घटनेचा मसुदा विचारार्थ मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की, आपल्या राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे असेल; ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील, पण राज्यकारभार करणार नाहीत. या भूमिकेला विरोध करणारेही होते. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी राष्ट्रपतींची निवड सर्व प्रौढ मतदारांनी प्रत्यक्ष करावी आणि कार्यकारी व विधायक सत्ता एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्यात, अशा दुरुस्त्या सुचविल्या होत्या. समितीने त्या स्वीकारल्या नाहीत.

तथापि हेतू स्पष्ट असूनही तो शब्दांत उतरला नाही. ही उणीव दाखवून देणारी व्यक्ती म्हणजे घटनासमितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद हेच होत. राष्ट्रपतींनी मंत्र्यांचा सल्ला मानलाच पाहिजे अशी तरतूद मसुद्यात कोठे आहे, असा प्रश्न त्यांनी अध्यक्षस्थानावरून विचारला होता. राष्ट्रपतींसाठी एक सूचनापत्र परिशिष्ट म्हणून जोडावे आणि त्यांनी सामान्यतः मंत्र्यांच्या सल्ल्याने चालावे असे त्यात नमूद करावे, अशी योजना मसुदा समितीने एका टप्प्यावर आखली होती. ऑक्टोबर १९४९ मध्ये ती सोडून देण्यात आली. असे निर्देश घटनेत लिहिण्याची गरज नाही, ते संकेतांवर सोपविणे बरे, असा त्यामागील युक्तिवाद होता.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली. त्या दिवशीच्या समारोपाच्या भाषणात राजेंद्रप्रसादांनी या मोकळ्या जागेचा पुन्हा उल्लेख केला. राष्ट्रपतींना सल्ला बंधनकारक करणारी तरतूद घटनेत नसली, तरी इंग्लंडमधील संकेत येथेही रुजेल आणि राष्ट्रपती सर्व बाबतींत घटनात्मक प्रमुख होतील, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २४ जानेवारी १९५० रोजी, घटनासमितीने त्यांनाच राष्ट्रपती म्हणून बिनविरोध निवडले. २६ जानेवारीस त्यांनी शपथ घेतली आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे गव्हर्नर जनरलचे पद संपुष्टात आले. प्रथम राष्ट्रपतिपदासाठी नेहरूंची पसंती राजगोपालाचारींना होती. सरदार पटेल आणि काँग्रेस पक्षातील बहुसंख्य सदस्य यांचा कल मात्र राजेंद्रप्रसादांकडे होता, ही गोष्ट आता सर्वपरिचित आहे. तात्पर्य, ज्यांनी प्रश्न विचारला होता, त्यांच्यावरच आचरणाने उत्तर देण्याची वेळ आली. आणि ज्या पंतप्रधानांबरोबर ते द्यावयाचे होते, ते त्यांच्या निवडीविषयी उत्साही नव्हते.

३. १९५१ : कसोटीचा प्रसंग

पहिली खरी कसोटी हिंदू संहिता विधेयकाच्या निमित्ताने आली. विवाह, वारसा, दत्तक आणि पालकत्व यांविषयीच्या हिंदू कायद्यात आमूलाग्र बदल करणारे हे विधेयक विधिमंत्री या नात्याने डॉ. आंबेडकर संसदेत पुढे नेत होते. राजेंद्रप्रसादांचा त्याला विरोध होता आणि तो नवा नव्हता. राष्ट्रपती होण्यापूर्वीही त्यांनी तो व्यक्त केला होता. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंना लिहून कळविले की, विधेयकाला संमती देणे, ते परत पाठविणे व संसदेस संदेश पाठविणे या बाबतींत आपण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय, स्वतःच्या विवेकाने वागू इच्छितो.

त्यांचा आक्षेप केवळ सनातनी वृत्तीतून आला होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात एक घटनात्मक मुद्दा होता. त्या वेळची संसद हंगामी होती. प्रौढ मताधिकाराने निवडलेली लोकसभा अद्याप अस्तित्वात यावयाची होती, आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुका अवघ्या काही आठवड्यांवर येऊन ठेपल्या होत्या. कोट्यवधी लोकांच्या कौटुंबिक जीवनात हात घालणारा कायदा अशा संसदेने करावा काय, हा प्रश्न गैरलागू नव्हता. मात्र तो कोणी सोडवावयाचा, यावर वादाचा भर होता. राजेंद्रप्रसादांच्या मते त्याचा निर्णय करण्याचा काही अधिकार राष्ट्रपतींकडे होता. नेहरूंच्या मते तसे मानणे म्हणजे संसदेच्या आणि तिला जबाबदार असलेल्या शासनाच्या अधिकारालाच आव्हान देणे होते.

नेहरूंनी दोन कायदेपंडितांचा अभिप्राय मागविला : मसुदा समितीचे सदस्य अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि पहिले ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड. दोघांचाही अभिप्राय राष्ट्रपतींच्या विरुद्ध गेला. अल्लादींच्या प्रतिपादनाचे सार असे की, राष्ट्रपतींना असा स्वतंत्र अधिकार आहे असे मानल्यास घटनेची संपूर्ण रचनाच उलथून पडेल. कारण मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, आणि ज्या निर्णयात त्याचा हात नाही त्या निर्णयाबद्दल त्याला जबाबदार धरता येणार नाही.

राजेंद्रप्रसादांनी आपला आग्रह पुढे रेटला नाही. संमती नाकारण्याचा प्रसंगही आला नाही, कारण विरोध पाहून शासनाने विधेयक त्या अधिवेशनात पूर्ण केले नाही. या व इतर कारणांसाठी डॉ. आंबेडकरांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. निवडणुकांनंतर नव्या संसदेने तोच विषय चार स्वतंत्र कायद्यांत विभागून पूर्ण केला : १९५५ चा हिंदू विवाह कायदा, आणि १९५६ चे वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, तसेच दत्तक व निर्वाह यांविषयीचे तीन कायदे. चारही कायद्यांवर राजेंद्रप्रसादांची संमतीची स्वाक्षरी आहे.

या प्रसंगाचे महत्त्व त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका घटनेशेजारी ठेवून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. ११ मे १९५१ रोजी, नेहरूंची स्पष्ट नापसंती असतानाही, राजेंद्रप्रसाद सोमनाथच्या पुनर्निर्मित मंदिरातील प्रतिष्ठापना समारंभास उपस्थित राहिले. तेथे ते झुकले नाहीत. विधेयकाच्या बाबतीत, तीव्र मतभेद असूनही, त्यांनी माघार घेतली. ज्या कृतीने शासनाचा निर्णय बदलत नाही तेथे ते स्वतःचा विवेक प्रमाण मानीत. ज्या कृतीने तो बदलला असता तेथे त्यांनी आपले मत लेखी नोंदविले आणि नंतर मार्ग मोकळा केला. त्यांच्या कारकीर्दीतील पुढील प्रसंग याच रेषेने समजून घेता येतात.

४. १९५२ ते १९६२ : आचरण आणि शंका

मे १९५२ मध्ये संसद व राज्यांच्या विधानसभा यांतील निर्वाचित सदस्यांच्या निर्वाचकगणाने पहिल्यांदा राष्ट्रपती निवडला. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० मतमूल्य मिळाले. त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी, घटनासमितीत प्रत्यक्ष निवडणुकीचा आग्रह धरणारे, प्रा. के. टी. शहा यांना ९२,८२७ मिळाले. १९५७ मध्ये राजेंद्रप्रसाद ४,५९,६९८ मतमूल्याने पुन्हा निवडून आले. त्यांच्यानंतर आजवर कोणाही राष्ट्रपतींची दुसऱ्यांदा निवड झालेली नाही.

या दशकात न्यायालयाने प्रथम आपला कौल दिला. पंजाब सरकारने शालेय पाठ्यपुस्तकांचे प्रकाशन स्वतःकडे घेतल्यामुळे काही प्रकाशक सर्वोच्च न्यायालयात गेले. राम जवाया कपूर विरुद्ध पंजाब राज्य (१९५५) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्याचा राष्ट्रपतींशी थेट संबंध नव्हता. तथापि कार्यकारी सत्तेचे स्वरूप विशद करताना सरन्यायाधीश बिजनकुमार मुखर्जी यांनी सांगितले की, आपल्या घटनेत राष्ट्रपती हे कार्यकारी सत्तेचे औपचारिक प्रमुख असून खरी सत्ता मंत्रिमंडळाच्या हाती असते. राष्ट्रपतिपदाविषयीचे हे मूलभूत विधान पाठ्यपुस्तकांच्या वादातून यावे, यावरून त्या काळात या प्रश्नावर न्यायालयीन संघर्ष किती कमी होता, हेही दिसते.

संयमाला किंमतही द्यावी लागते, हे ३१ जुलै १९५९ रोजी दिसून आले. त्या दिवशी केरळमधील नंबुद्रिपाद मंत्रिमंडळ अनुच्छेद ३५६ खाली दूर करण्यात आले. विधानसभेत बहुमत असलेले हे मंत्रिमंडळ केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींच्या घोषणेने गेले. मंत्रिमंडळाचा सल्ला मानणारा राष्ट्रपती त्याचा चांगला सल्लाही मानतो आणि वादग्रस्त सल्लाही मानतो. संकेताची बाजू मांडताना ही गोष्ट झाकून चालणार नाही.

दुसऱ्या कार्यकालाच्या अखेरीस राजेंद्रप्रसादांनी जुना प्रश्न पुन्हा, आणि या वेळी जाहीरपणे, उपस्थित केला. २८ नोव्हेंबर १९६० रोजी दिल्लीत भारतीय विधी संस्थेच्या इमारतीची कोनशिला बसविताना त्यांनी सुचविले की, भारताच्या राष्ट्रपतींचे अधिकार ब्रिटिश राजाच्या अधिकारांहून कोणत्या बाबतींत भिन्न आहेत, याचा विद्वानांनी अभ्यास करावा. नेहरू त्या समारंभास उपस्थित होते. वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. राजेंद्रप्रसाद नेहमी घटनात्मक प्रमुख म्हणूनच वागत आले आहेत, असे सांगून नेहरूंनी वादाची धार बोथट केली. हे खरेच होते. राष्ट्रपतींनी आपली शंका अभ्यासकांपुढे ठेवली. त्या शंकेवर आधारलेली कृती मात्र केली नाही.

त्यांच्या शंकेला बौद्धिक पाठबळ नव्हते असे नाही. मसुदा समितीचे एक सदस्य कन्हैयालाल मुनशी यांनी १९६३ मध्ये ‘द प्रेसिडेंट अंडर द इंडियन कॉन्स्टिट्यूशन’ हे पुस्तक लिहून प्रतिपादन केले की, राष्ट्रपती हे केवळ शोभेचे पद नाही. इंग्लंडचा राजा वंशपरंपरेने येतो. भारताचा राष्ट्रपती केंद्र व राज्ये यांच्या प्रतिनिधींकडून निवडला जातो. राजावर महाभियोग चालत नाही, राष्ट्रपतींवर चालतो. ज्याने घटनेचे रक्षण करण्याची शपथ घेतली आहे, त्याने घटनाविरोधी सल्ल्यावर डोळे मिटून सही करावी काय? हा युक्तिवाद आजही विद्यार्थ्यांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे.

५. राधाकृष्णन : पोकळीतील राष्ट्रपती

१३ मे १९६२ रोजी दहा वर्षे उपराष्ट्रपती राहिलेल्या राधाकृष्णन यांनी राष्ट्रपतिपदाची सूत्रे घेतली. संकेताचा पाया तोपर्यंत घातला गेला होता. त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न निराळा होता : सल्ला देणारा पंतप्रधानच नसेल तेव्हा काय करावयाचे?

२७ मे १९६४ रोजी नेहरूंचे निधन झाले. पंतप्रधानांच्या मृत्यूबरोबर मंत्रिमंडळाचेही अस्तित्व संपते, आणि ‘हंगामी पंतप्रधान’ असे पद घटनेत नाही. त्या क्षणी राष्ट्रपतींना सल्ला देणारा कोणी नव्हता. म्हणजे ज्या थोड्या प्रसंगी राष्ट्रपतींना खरोखर स्वतः निर्णय घ्यावा लागतो, त्यांपैकी हा एक होता. राधाकृष्णन यांनी त्याच दिवशी ज्येष्ठ मंत्री गुलझारीलाल नंदा यांना पंतप्रधानपदाची शपथ दिली, आणि काँग्रेस पक्षाने आपला नेता निवडेपर्यंत थांबण्याचे धोरण स्वीकारले. ९ जूनला लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शास्त्रीजींचे निधन झाले, तेव्हा हाच क्रम पुन्हा घडला. पक्षाच्या निवडणुकीत मोरारजी देसाई यांचा पराभव करून इंदिरा गांधी २४ जानेवारी रोजी पंतप्रधान झाल्या. दोन्ही वेळा राष्ट्रपतींना स्वतःच्या पसंतीचा माणूस निवडण्याची संधी होती. ती त्यांनी न घेता निवड पक्षाकडे सोपविली.

दोनदा घडलेले उदाहरण म्हणजे संकेत नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हत्येनंतर राष्ट्रपती झैलसिंग यांनी मधला टप्पा न ठेवता राजीव गांधी यांनाच शपथ दिली. नंदांचे पूर्वोदाहरण बंधनकारक नियमात रूपांतरित झाले नव्हते, असाच याचा अर्थ होतो. राष्ट्रपतींनी लोकसभेत बहुमत मिळवू शकणाऱ्या व्यक्तीचीच नेमणूक करावी, हे मूलतत्त्व मात्र तिन्ही प्रसंगी पाळले गेले.

राधाकृष्णन यांचा दुसरा विशेष म्हणजे त्यांची जाहीर वाणी. जानेवारी १९६७ मधील प्रजासत्ताक दिनाच्या संदेशात त्यांनी देशातील अकार्यक्षमतेवर व साधनसंपत्तीच्या गैरव्यवस्थेवर कठोर टीका केली. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना केलेली ही टीका शासनाला लागू होणारी होती. राजेंद्रप्रसादांनी आपला मतभेद मुख्यतः पत्रांतून व्यक्त केला. राधाकृष्णन यांनी तो लोकांपुढे बोलून दाखविला. मतभेद व्यक्त करण्याच्या या दोन पद्धतींत मोठे अंतर आहे. परंतु सल्ला धुडकावण्याच्या मार्गाने त्यांपैकी कोणीच गेले नाही.

६. झाकिर हुसेन आणि संकेताचा विस्तार

१९६७ च्या निवडणुकांनी राजकीय परिस्थिती पालटली. लोकसभेत काँग्रेसचे बळ ५२० पैकी २८३ जागांवर आले आणि अनेक राज्यांत तिची सत्ता गेली. राष्ट्रपतिपदाची निवडणूक प्रथमच खऱ्या अर्थाने चुरशीची झाली. विरोधी पक्षांनी कोका सुब्बाराव यांना उभे केले; गोलकनाथ खटल्यातील बहुमताचा निर्णय देणाऱ्या सुब्बारावांनी त्यासाठी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा दिला होता. झाकिर हुसेन ४,७१,२४४ विरुद्ध ३,६३,९७१ अशा मतमूल्याने विजयी झाले. फाळणीस वीस वर्षे पूर्ण होण्याच्या आत एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाची राष्ट्राच्या प्रमुखपदी निवड व्हावी, या गोष्टीचे महत्त्व कोणत्याही अधिकारविषयक चर्चेत मावणारे नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राला त्यांचा परिचय जुना होता.

३ मे १९६९ रोजी, पदावर असतानाच, झाकिर हुसेन यांचे निधन झाले. राष्ट्रपतींचा कार्यकाल मृत्यूने खंडित होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी राष्ट्रपती म्हणून काम पाहू लागले. परंतु तेच निवडणुकीस उभे राहावयाचे असल्याने त्यांनी राजीनामा दिल्यास दोन्ही पदे रिक्त होणार होती. संसदेने त्याच महिन्यात कायदा करून अशा वेळी सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींची कार्ये पार पाडावीत अशी व्यवस्था केली. त्यानुसार २० जुलै १९६९ पासून सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी ती जबाबदारी सांभाळली. आदल्याच दिवशी, १९ जुलै रोजी, चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर गिरींनी स्वाक्षरी केली होती.

त्यानंतरच्या निवडणुकीत सत्तारूढ पक्षातच फूट पडली. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाही आवश्यक बहुमत मिळाले नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा फरकाने नीलम संजीव रेड्डी यांच्या पुढे गेले. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते होती. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे हे तेच देशमुख होत. या निवडणुकीनंतर राष्ट्रपतिपद पक्षीय सत्तास्पर्धेचा विषय बनले, आणि आपल्या विवेचनाचा कालखंड येथे संपतो.

७. कसोटी

आता जेनिंग्जच्या तीन प्रश्नांकडे वळू. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. एकोणीस वर्षांत, तीन भिन्न स्वभावांच्या राष्ट्रपतींच्या काळात, मंत्रिमंडळाने आग्रह धरलेला सल्ला अखेर डावलल्याचे उदाहरण आढळत नाही.

अडचण दुसऱ्या प्रश्नाशी येते. आपण बांधलेले आहोत असे राजेंद्रप्रसादांना वाटत होते काय? १९४९ मध्ये त्यांनी आशा व्यक्त केली. १९५१ मध्ये स्वतंत्र अधिकाराचा दावा केला. १९६० मध्ये पुन्हा शंका उपस्थित केली. ज्याला नियम बंधनकारक वाटत नाही, त्याचे वर्तन नियमाचा पुरावा कसे होईल? काटेकोरपणे पाहता त्यांची बारा वर्षे संकेताचे उदाहरण म्हणून बाद करावी लागतील.

मला हा निष्कर्ष योग्य वाटत नाही. दुसऱ्या प्रश्नाचा हेतू मुळात असा आहे की, निव्वळ सवयीने किंवा सोयीने घडलेले वर्तन आणि नियमाच्या जाणिवेने घडलेले वर्तन यांत भेद करावा. ज्याचे मत सल्ल्याशी जुळते, त्याच्या आज्ञापालनातून हा भेद कळत नाही. त्याने नियमामुळे सही केली की स्वतःला पटले म्हणून केली, हे सांगता येत नाही. ज्याचे मत सल्ल्याविरुद्ध आहे, जो ते लेखी कळवितो, त्यावर कायदेपंडितांचा अभिप्राय येतो, आणि त्यानंतर जो माघार घेतो, त्याच्या वर्तनाला त्या अभिप्रायातील तत्त्वाशिवाय दुसरे पुरेसे स्पष्टीकरण उरत नाही. राजेंद्रप्रसादांना संकेताच्या व्याप्तीविषयी शंका होती. परंतु शंकेचा निर्णय आपण एकट्याने करावयाचा नाही, हे त्यांनी मानले. बंधनाची जाणीव याहून वेगळी काय असते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अल्लादींनी १९५१ मध्येच देऊन ठेवले होते : जबाबदारी आणि सत्ता यांची फारकत झाली, तर संसदीय शासन टिकत नाही. मुनशींच्या युक्तिवादाची उणीव येथेच आहे. राष्ट्रपतींची शपथ व निवडणूक राजाहून वेगळी आहे, हे खरे. परंतु त्यांनी सल्ला नाकारल्यास त्या नकाराबद्दल दैनंदिन जाब विचारणारी संस्था घटनेत नाही. महाभियोग हे अपवादात्मक साधन आहे. ते रोजच्या उत्तरदायित्वाची जागा घेऊ शकत नाही.

८. पुढील इतिहासाचा प्रकाश

सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने शमशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९७४) या खटल्यात संकेताला न्यायिक मान्यता दिली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपती सल्ल्यानुसार वागतील असे शब्द अनुच्छेद ७४ मध्ये घातले. १९४९ मध्ये मोकळी ठेवलेली जागा अशा रीतीने भरली गेली.

तथापि त्यापूर्वीच, २५ जून १९७५ च्या रात्री, संकेताची दुसरी बाजू कोसळली होती. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी पंतप्रधानांच्या शिफारशीवरून आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. सल्ला मंत्रिमंडळाचा असावा, एवढी साधी विचारणाही त्या रात्री परिणामकारक ठरली नाही. पहिल्या कालखंडातील वारशाचा अर्धाच भाग, म्हणजे सही करण्याचा, शिल्लक राहिला होता. प्रश्न विचारण्याचा भाग लोपला होता.

१९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. आणीबाणीच्या घोषणेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविला जाणे तिने आवश्यक केले. शिवाय राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा पुनर्विचारासाठी परत पाठविता येईल, मात्र पुनर्विचारानंतर आलेला सल्ला त्यांना मानावा लागेल, अशी तरतूद तिने अनुच्छेद ७४ मध्ये केली. ऑक्टोबर १९९७ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू करण्याचा सल्ला परत पाठविला, तेव्हा मंत्रिमंडळाने तो सोडून दिला. १९९८ मध्ये बिहारविषयीचा तसाच सल्ला त्यांनी परत पाठविला; फेब्रुवारी १९९९ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा त्यांनी सही केली.

आक्षेप घ्यावा, शासनाला फेरविचाराची संधी द्यावी, आणि शासन ठाम राहिल्यास मार्ग सोडावा, असा क्रम आज घटनेत लिहिलेला आहे. १९५१ मध्ये तो कोणत्याही अनुच्छेदात नव्हता. राजेंद्रप्रसादांच्या पत्रव्यवहारात व त्यानंतरच्या त्यांच्या वर्तनात तो होता. म्हणून प्रारंभीच्या राष्ट्रपतींचा अभ्यास करताना त्यांनी कोणत्या कागदांवर सह्या केल्या, एवढेच पाहणे पुरेसे नाही. सहीपूर्वी त्यांनी काय विचारले, काय लिहिले आणि कोठे थांबले, हेही तपासले पाहिजे. कारण हे पद त्या दोन्ही गोष्टींनी मिळून घडले आहे.